पदराच्या गाठीतला गूळ

साखरेला इतकी भिणारी बाई अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही. उमरग्यापासून कळंबापर्यंत कुणीही शोधून यावं. लोक सापाला भितात, विजेला भितात, सासूला भितात. आमच्या विहीणबाई साखरेच्या डब्याला भितात. डबा समोर आला की त्या पदर सावरून एक पाऊल मागं घेतात, जसा काही तो उडी मारणार आहे. आणि त्या विहीणबाईंना जी भिते, ती मी. मी मुळातच भित्री. चौथीपर्यंत शाळा झाली, तिथंही गुरुजींनी नाव घेतलं की मी बाकाखाली पेन्सिल शोधायची. चार बायकांत बोलायची वेळ आली की अजून तोंडाला कोरड पडते. जे बोलता येत नाही ते लिहून ठेवते, कुणाला दाखवत नाही. ही वहीसुद्धा विहीणबाईंनीच आणलेली. तिच्या पुढच्या पानांवर माझ्या लेकीच्या साखरेचे आकडे आहेत. मागची पानं कोरी राहिली, म्हणून त्यांच्यावर विहीणबाई.

माझी लेक रेखा लग्न होऊन पुण्याला गेली. जावई तिकडं कंपनीत आहेत. तिला दिवस गेले आणि सहाव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की पोटुशीपणातली साखर वाढली आहे, खाण्याला जपा, नाहीतर बाळाला त्रास होईल. फोनवर हे ऐकलं आणि मी चुलीपुढं तशीच बसून राहिले. तव्यावरची भाकरी जळून काळी झाली तरी मला वास आला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात रेखा आमच्या गावी आली. कळंबच्या एसटीतून आधी एक पिशवी उतरली, मग दुसरी पिशवी, मग विहीणबाई आणि शेवटी रेखा. मला वाटलं पोचवायला आल्यात, दोन दिवस राहून उमरग्याकडं आपल्या गावी जातील. त्या घरात शिरल्या, दोन्ही पिशव्या खुंटीला अडकवल्या आणि म्हणाल्या, "ईनबाई, म्या ऱ्हाणार हाय. नातवंड हातात घेऊनच जाईन." विहिणीला आमच्याकडं ईनबाईच म्हणतात. पण मुलाच्या आईनं सुनेच्या माहेरी असा मुक्काम ठोकलेला आमच्या गावानं कधी पाहिला नव्हता. शेजारच्या गोदाकाकू कुडावरून मान काढून म्हणाल्या, "पाव्हणी ऱ्हायला आलीय का पहारा द्यायला?" विहीणबाई आतूनच ओरडल्या, "पहारा द्यायला. तुमी बी या, तुमचं बोट बघू."

बोट म्हणजे काय ते मला लगेच कळलं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर त्यांनी तांब्या बाजूला ठेवून माझं बोट धरलं. कमरेला खणाच्या कापडाची पिशवी असते त्यांची. दुसऱ्या बायकांच्या अशा पिशवीत सुपारी, अडकित्ता असतो. ह्यांच्या पिशवीत साखर मोजायचं मशीन, सुया आणि पट्ट्यांची डबी. मी डोळे मिटले. मुंगी चावल्यासारखं झालं. आकडा बघून त्या म्हणाल्या, "तुमची बरी हाय. भ्यायचं कारण न्हाय." मी डोळे उघडले. मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाल्या, "पण भ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणातून आत आले, तर विहीणबाई ओट्यावर माझ्या लग्नातलं स्टीलचं ताट मांडीवर घेऊन खिळ्यानं त्यावर रेघा ओढत होत्या. कर्र कर्र आवाज माझ्या दातांत शिरला. ताटाच्या मधोमध एक उभी रेघ, आणि एका अर्ध्याला कापणारी आडवी रेघ. माझं नाव घातलेलं ताट ते. मला रडू आलं, पण विहिणीपुढं रडायचं कसं म्हणून मी आत जाऊन पीठ चाळलं. रेखाचे वडील जेवायला बसले आणि रेखापुढचं ते ताट बघून म्हणाले, "ही काय रानाची वाटणी हाय का?" विहीणबाई म्हणाल्या, "व्हय पाव्हणं, वाटणीच. ह्ये अर्धं रान भाजीचं. ह्या पाव हिश्शात भाकरी न्हायतर भात. ह्या पाव हिश्शात डाळ, उसळ, अंडं, मटण, काय आसंल ते. एकानं दुसऱ्याच्या बांधावर जायचं न्हाय." रेखाचे वडील हसत हसत त्यांच्या त्या साध्या ताटात चार भाकरी चुरून जेवले. जेवून दोन तास झाल्यावर विहीणबाईंनी त्यांचंही बोट धरलं. मशीनकडं बघितलं आणि खिळा शोधायला गेल्या. रेखाच्या वडलांना कळंबला डॉक्टरांकडं नेलं. अजून काठावर आहे, आत्तापासून सांभाळा, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात रेघांची ताटं दोन झाली आणि वाटणीवरचं हसणं बंद झालं.

ज्वारीवरून तर गावाशी त्यांचं भांडणच. आमच्याकडं सगळ्यांना एवढंच ठाऊक, की साखरवाल्याला ज्वारी चालते. मग चालते म्हणून पाच-पाच भाकरी चालू असतात. विहीणबाई भाकरी हातात घेऊन उजेडाकडं धरायच्या, आपल्या तळहाताला लावून बघायच्या आणि मोठी असली की माझ्याकडं असं बघायच्या की मी परातीतला गोळा तिथंच चिमटा घेऊन लहान करायची. "ज्वारी चांगलीच हाय की. पर चांगला पाव्हणा म्हणून धा जणांना घेऊन आला तर घरात बसवायचं कुठं?" असं त्या म्हणायच्या. आधी काकडी, मेथी, पालेभाजी खायची, मग उसळ, आणि भाकरी सगळ्यात मागून. उपाशी तर मुळीच राहायचं नाही. सकाळी आठला खाणं, अकराला मूठभर फुटाणे नाहीतर शेंगदाणे आणि ताक, एकला जेवण, चारला काहीतरी, आठच्या आत जेवण आणि निजताना अर्धी वाटी दूध. "एकदम लई खाल्लं की साखर चढती, एकदम उपाशी ऱ्हायलं की माणूस गळतं. चुलीत जाळ कसा घालतो? एक एक काटकी. सगळा भारा एकदम कोण कोंबतं का?" रेखा आली तेव्हा दुपारी मान टाकायची, हातपाय गळून पडायची. पंधरा दिवसांत ती दुपारी बसून बाळाची कुंची शिवायला लागली. हे मला दिसत होतं. तरी माझं मन रेखाच्या ताटाकडं बघून रडायचं, कारण पोटुशी लेक माहेरी आलेली आणि तिच्या ताटात शिऱ्याला जागाच नाही.

गावातल्या बायकांचं तर विचारू नका. पोटुशीला एकेका घरून काहीतरी करून आणायची आमच्याकडं रीत आहे. कुणी गुळाची पोळी आणायचं, कुणी लाडू. विहीणबाई दारात उभ्या राहून हसतमुखानं डबा घ्यायच्या, आणणारीला कुंकू लावायच्या आणि डबा गोठ्यातल्या गड्याच्या हवाली करायच्या. गोदाकाकूंनी एकदा विचारलं, "साखर न्हाय घातली बाई, निव्वळ गूळ हाय. गुळानं काय होतंय?" विहीणबाई म्हणाल्या, "काकू, गूळ काय साखरेचा मानलेला भाऊ हाय? सख्खा हाय. एकाच उसाच्या पोटचं." काकू चिडल्या. मला बाजूला ओढून कानाशी म्हणाल्या, "तुझी ईन येडी हाय. पोटुशीचं मन मारलं तर लेकराचं कान फुटत्यात. पुढं मला म्हणू नको." झालं. आधी मला एकच भीती होती, आता दोन झाल्या. द्यावं तर बाळाला त्रास, न द्यावं तर बाळाचे कान.

जेवण झालं की पंधरा मिनिटं चालायचं, हा आणखी एक नेम. पाऊस असो, पाहुणा असो. मारुतीच्या देवळापासून एसटीच्या थांब्यापर्यंत आमची वरात निघायची: पुढं विहीणबाई, मध्ये पोट सांभाळत रेखा, मागं मी डोक्यावर पदर ओढून, आणि सगळ्यात मागं, आम्हाला ओळखत नसल्यासारखे, रेखाचे वडील. थांब्यापाशी आम्ही वळायला आणि एसटी यायला एक गाठ पडायची. गाडी थांबायची. कंडक्टर दार उघडून ओरडायचा, "मावशी, यायचंय का न्हाय? रोज हात दाखवल्यासारखं करता आन माघारी फिरता!" विहीणबाई शांतपणे सांगायच्या, "न्हाय रे बाबा, आमी भाकरी जिरवतोय." सगळी एसटी खिडकीतून बघायची. मला वाटायचं रस्त्यानं मला पोटात घ्यावं.

पण एक गोष्ट होती, जिचं मला कधी हसू आलं नाही. संध्याकाळी दिवे लागले की विहीणबाई ओसरीवर बसून छोटा आरसा घ्यायच्या आणि स्वतःच्या तळपायाखाली धरून बघायच्या. बोटांच्या बेचक्या, टाचेची भेग, सगळं. मग रेखाच्या वडलांना म्हणायच्या, "पाव्हणं, पाय." ते लाजायचे, पण पाय पुढं करायचे. एकदा मी विचारलं, रोज काय बघता? त्यांनी आरसा पुसला. म्हणाल्या, "मालकाच्या पायात बाभळीचा काटा गेला व्हता. त्यांना कळलाच न्हाय. पाय बधिर झालेला. तीन दिस तसंच रानात फिरले. माझं ध्यान गेलं तवा बोट काळं पडलं व्हतं." पुढचं मला माहीत होतं. आधी बोट गेलं, मग पाऊल, मग सोयरीक ठरायच्या आधीच्या वर्षी ते स्वतः. त्यानंतर विहीणबाईंनाही साखर निघाली. त्या दिवशी मला कळलं, की ही बाई साखरेला उगीच भीत नाही. तिनं साखरेला आपल्या घरात शिरताना पाहिलेलं आहे.

इतकं कळूनही मी जे केलं ते इथं लिहून ठेवते. रेखा एके दिवशी दुपारी म्हणाली, "आई, एक घास शिरा दे गं. एकच." तिचे डोळे लहानपणी जत्रेत हट्ट करताना असायचे तसे. विहीणबाई अंघोळीला गेल्या होत्या. मी एका घासाचे चार घास केले. पुन्हा तीन दिवसांनी तसंच. दोन्ही वेळा मशीननं चुगली केली. विहीणबाईंनी आकडा बघितला, मला वहीत लिहायला सांगितला आणि मुकाट्यानं भिंतीला टेकून बसल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या तपासणीला कळंबच्या डॉक्टरीणबाई वही बघून म्हणाल्या, "असेच आकडे यायला लागले तर पोटात इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करावं लागेल." परत येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत मनात देवाला सांगितलं, पुन्हा नाही.

आणि मग येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडं ह्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप म्हणजे झोपडी घालायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, सगळ्या शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, माठभर आंबिल डोक्यावरून न्यायची. पूजा होऊन नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी तोंडात कण घालायचा नाही. मग मात्र बांधावरून जाणारा परका माणूससुद्धा जेवल्याशिवाय सोडायचा नाही. रेखाला त्या खिरीचं लहानपणापासून वेड. विहीणबाईंनी खीर बंद केलेली. आदल्या दिवसापासून तिचा चेहरा उतरलेला. मी देवाला दिलेला शब्द विसरले नव्हते, पण सकाळी निघताना डब्यातून सुपारीएवढा गुळाचा खडा घेतला आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. वाटलं, वर्षाचा सण आहे, एवढासा काय करणार. रानापर्यंत ती गाठ माझ्या पाठीला निखाऱ्यासारखी लागत होती.

सकाळी आठला विहीणबाईंनी रेखाला उसळ आणि अर्धी भाकरी खायला घातली. "पोटुशीला देव काय म्हणत न्हाय," म्हणाल्या. स्वतःची साखर उतरवायची गोळी घेतली. मी विचारलं, तुम्ही? म्हणाल्या, "खाल्लं म्या." रानात पोचलो. रेखाचे वडील बांधाबांधानं जेवायची आवतनं द्यायला गेले ते काही लवकर येईनात. पूजा त्यांच्या हातची, त्यामुळं सगळे खोळंबले. उन्हं डोक्यावर आली. कोपीपुढं पंधरा-वीस माणसं बसलेली. तेवढ्यात विहीणबाई उठून उभ्या राहिल्या आणि कोपीच्या कडब्याला रागावायला लागल्या. "सरक, सरक तिकडं," म्हणाल्या. थंडीचे दिवस, पण त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा. हात थरथरत होते. डोळे आमच्यावर होते, पण आम्हाला बघत नव्हते.

गोदाकाकू एकदम हात जोडून उठल्या. "अगं बाई! अंगात आलं! ईनबाईच्या अंगात आलं!"

सगळे पटापटा उठले. पांडवांपुढं, येळवशीच्या दिवशी, परगावच्या बाईच्या अंगात आलेलं. ही का साधी गोष्ट? कुणी हळद-कुंकू आणलं, कुणी त्यांच्या पायावर पाणी घातलं. गोदाकाकू पदर पसरून विचारायला लागल्या, "कोण हायस माय? काय पायजे तुला? काय चुकलं आमचं?" विहीणबाई डोलत होत्या. तोंडातून अडखळत शब्द आले, "भाजी... आधी भाजी खावा..." "बरं माय, भाजी खाऊ! आन मग?" "भाकरी मागून..." बायकांनी हात जोडून माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, "हरभरा कसा येईल ते इचारा."

मी कोपीच्या दाराशी उभी होते.  हे काय आहे ते मला ठाऊक होतं. विहीणबाईंनीच माझ्याकडून वीस वेळा म्हणून घेतलं होतं, शाळेतल्या पाढ्यासारखं: घाम, थरथर, भलतंसलतं बोलणं, म्हणजे साखर खाली गेली. मग एक घटकाही थांबायचं नाही. माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तरच तोंडात गोड द्यायचं. नाहीतर घशात अडकेल, थेट दवाखाना गाठायचा. आणि एका क्षणात मला दुसरंही कळलं: बाई खाल्लं म्हणून खोटं बोलली. जगाला वेळेवर खा म्हणणारी बाई देवाच्या भीतीनं नैवेद्याआधी जेवली नाही, आणि गोळी मात्र घेऊन बसली. तिच्या पोटात सकाळपासून गोळीशिवाय काही नव्हतं.

पण बोलायचं कसं? वीस माणसं, त्यांत गावातले थोर. अंगात आलेल्या बाईला अडवलं तर देवीचा कोप होतो म्हणतात, आणि माझी लेक पोटुशी, तिथंच बसलेली. माझ्या तोंडाला कोरड पडली. विहीणबाईंचे गुडघे वाकायला लागले. तेव्हा कुणाचा तरी मोठा आवाज माझ्या कानावर आला, "देवी न्हाय! साखर पडलीय! बाजूला व्हा!" सगळे माझ्याकडं वळले, म्हणून मला कळलं की तो आवाज माझा होता.

मी बायकांना ढकललं. गोदाकाकूंनासुद्धा. विहीणबाईंना खाली बसवलं, पाठीला टेकू दिला. पदराची गाठ बोटांना सुटेना, दातांनी सोडली. गुळाचा खडा फुलपात्रात पाण्यात कुस्करला, बोटानं ढवळला. "ईनबाई, गिळता येतंय का? माझ्याकडं बघा. गिळा." त्यांनी एक घोट गिळला. मग दुसरा. गोदाकाकू मागून म्हणत होत्या, "अगं, नैवेद्य व्हायचाय, उष्टं करतीस!" मी ऐकलं नाही. सगळं पाणी पाजलं. मग त्यांच्या पिशवीतून मशीन काढलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या बोटाला सुई लावली. गूळ पोटात गेल्यावरही आकडा इतका खाली होता की मी तो मोठ्यानं वाचला नाही. रेखा शेजारी येऊन बसली, माझा दंड धरून. पंधरा मिनिटं म्हणजे किती लांब असतात ते मी त्या दिवशी पाहिलं. रेखाचे वडील धापा टाकत आले. मी पुन्हा बोट टोचलं. आकडा वर आला होता. विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, ह्या वेळी खरंच माझ्याकडं, आणि म्हणाल्या, "दोनदा टोचलं व्हय? मेलीनं एकाच बोटाला टोचलं. बोट बदलायचं आसतं." मी रडायला लागले. मग झाकलेल्या टोपलीतून, नैवेद्याच्या आधी, मी अर्धी भाकरी आणि भज्जी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी कोपीतल्या दगडांकडं बघून हात जोडले आणि खाल्ली. भाजी आधी.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी ओसरीवर आरसा घेतला, पण पायाखाली धरला नाही. म्हणाल्या, "ईनबाई, गूळ कुणासाठी व्हता?" मी पदर मुठीत धरला. पदराच्या टोकाला अजून चिकट डाग होता. म्हटलं, "रेखासाठी." मला वाटलं आता विहीणबाई पिशव्या खुंटीवरून काढणार आणि रेखाला घेऊन जाणार. त्यांनी आरसा मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "ठावं हाय मला. शिऱ्याचं बी ठावं व्हतं." आणि आरशावर बोट फिरवत हळूच म्हणाल्या, "म्या बी द्यायची. मालकाला. पेढा. ते मागायचे आन मला न्हाय म्हणवायचं न्हाय. डॉक्टर वरडायचे, मी मान हलवायची, आन घरी येऊन पुन्हा द्यायची. काट्यानं न्हाय गेलं त्यांचं पाऊल."  मी आत जाऊन माझं रेघांचं ताट आणलं आणि त्यांचं जेवण वाढलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "गाठ ऱ्हाऊ द्या तुमच्या पदराला. पर रेखासाठी न्हाय. माझ्यासाठी."

गावात मात्र अजून लोक म्हणतात, की येळवशीला देवी आली होती आणि आधी भाजी खा म्हणून सांगून गेली. गोदाकाकू स्वतः आधी मेथी खातात, मग भाकरी. मी त्यांना काही सांगत नाही. डॉक्टरांचं कुणी ऐकलं नसतं.

मी मात्र त्या दिवसापासून धास्तीत होते. नैवेद्याआधी टोपली उघडली होती मी. एकेक दिवस मोजत होते. रेखाला कळा सुरू झाल्या तेव्हा कळंबच्या दवाखान्यात मी आणि विहीणबाई बाकावर बसलो होतो. मुलगी झाली. रडण्याचा आवाज आला. नर्सबाईंनी बाळ बाहेर आणलं आणि सांगितलं, आईला साखर होती, म्हणून बाळाची तपासायची आहे, टाचेला टोचावं लागेल. मी विहीणबाईंकडं बघितलं. साऱ्या गावाची बोटं टोचलेली बाई ती. तिनं मान भिंतीकडं फिरवली, डोळे घट्ट मिटले आणि माझा हात असा धरला की बांगडी रुतली. "तुमी बघा ईनबाई," म्हणाल्या, "माझ्यानं न्हाय बघवणार." मी बघितलं. एवढीशी टाच, एवढासा थेंब. नर्सबाई म्हणाल्या, "छान आहे." मी विहीणबाईंना सांगितलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत, नुसतं, "पुन्हा इचारा," म्हणाल्या.

आता रेखा बाळाला घेऊन पुण्याला आहे. तिची साखर उतरली, पण दर वर्षी तपासायला सांगितलं आहे, आणि विहीणबाईंनी तिला रेघांचं ताट बरोबर दिलं आहे. त्या मात्र उमरग्याकडं आपल्या घरी एकट्या. पुण्याला त्यांचं मन लागत नाही, आमच्याकडं या म्हटलं तर लोक काय म्हणतील म्हणतात. लोकांची भीती त्यांना आता आठवली. मी रोज सकाळी आठला फोन करते. एवढी मी भित्री, पण फोन करते. "गोळी घेतली?" "घेतली." "खाल्लं?" "व्हय." "काय खाल्लं ते सांगा." मग त्या सांगतात, मेथी, मटकी, अर्धी भाकरी, आणि मी खोटं पकडायला कान देऊन ऐकते. परवा त्यांनी फोन उचलला नाही. मी भाकऱ्या टाकून तशीच फोन हातात घेऊन उभी राहिले. तिसऱ्यांदा उचलला. म्हणाल्या, "चालाया गेले व्हते ईनबाई. भाकरी जिरवाया. तुमी कशापायी भिता?"

मी भीत नाही म्हटलं. फोन ठेवला, आणि डब्यातून सुपारीएवढा गूळ काढून पदराला बांधला, जसा रोज बांधते. हातानं चाचपून बघितलं, गाठ घट्ट आहे. पण उमरगा लांब आहे, आणि पदर माझा इथंच संपतो.